ड्रॅक्युलाचा रक्तधर्म

ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) या आयरिश लेखकाच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीतला रक्त पिऊन जगणारा पिशाच सरदार काउंट ड्रॅक्युला आपल्या कुळाविषयी आणि रक्ताविषयी जी श्रद्धा बाळगतो, तिला या नोंदीत ‘रक्तधर्म’ म्हटले आहे. कादंबरीत हा शब्द नाही. काउंटची श्रद्धा शोधावी लागते, कारण सगळी गोष्ट रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांतून उलगडते आणि तीत काउंटची स्वतःची रोजनिशी एकही नाही. त्याचे बोलणे कळते ते त्याच्या शत्रूंनी लिहून ठेवले म्हणून. तरीही त्या तुटक बोलण्यातून एक सुसंगत विचार उभा राहतो : पूर्वज रक्तात जिवंत असतात, आणि रक्त ज्याच्या अंगात असते त्याची सत्ता त्या रक्तासोबत आलेल्या प्रत्येक जिवावर चालते. दात, वटवाघूळ आणि शवपेटी यांच्या गर्दीत हा विचार मागे पडला आहे. खरे तर काउंटचे सगळे वागणे त्यातूनच निघते.

कुळकथा

तिसऱ्या प्रकरणात इंग्रज वकील जोनाथन हार्कर काउंटला ट्रान्सिल्व्हेनियाचा (आजच्या रुमेनियातल्या प्रांताचा) इतिहास विचारतो. काउंट बोलता बोलता तापतो, आपली भरघोस पांढरी मिशी ओढत खोलीत येरझाऱ्या घालतो आणि हाताला येईल ती वस्तू चुरडून टाकील अशी आवळतो. लढायांचे वर्णन तो स्वतः हजर असल्यासारखे करतो. आपल्या घराण्याविषयी बोलताना तो नेहमी ‘आम्ही’ म्हणतो, राजाने म्हणावे तसे. हा सरदारी अभिमान आहे, असा खुलासा तो नंतर हार्करला करतो. खरे तर त्याला ‘मी’ आणि ‘आमचे कुळ’ यांत फरकच दिसत नाही. चारशे वर्षे ज्याच्या अंगात एकच रक्त खेळते आहे, त्याने ‘आम्ही’ म्हणणे हे अगदी शब्दशः खरे आहे.

तो स्वतःला सेकेय म्हणवतो. सेकेय हे पूर्व ट्रान्सिल्व्हेनियातले हंगेरीभाषक लोक. शतकानुशतके त्यांनी सरहद्दीची राखण केली. त्याच्या सांगण्यानुसार थॉर आणि वोडन या जुन्या जर्मानिक देवांनी दिलेला लढाऊ बाणा उग्रियन टोळीने आइसलंडहून आणला. पुढे त्यांची गाठ हूणांशी पडली. सिथियातून (काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या प्राचीन प्रदेशातून) हाकललेल्या चेटकिणींनी वाळवंटात सैतानांशी संग केला आणि त्यांचे रक्त हूणांच्या अंगात आले, असे हूणांच्या हातून मरणारे लोक म्हणत. इथे काउंट उसळतो. ज्याचे रक्त या शिरांत आहे त्या हूण राजा अटिलाहून थोर असा कोणता सैतान, कोणती चेटकीण होऊन गेली, असे विचारून तो दोन्ही हात वर धरतो. कादंबरीतली ही त्याची सर्वांत लखलखीत हालचाल आहे. दुसरा कोणी क्रूस किंवा मूर्ती उंचावेल, तिथे हा आपल्या शिरा दाखवतो.

इतिहास म्हणून यातले फारसे टिकत नाही. उग्रियन टोळ्या आइसलंडहून आल्या नाहीत, आणि सेकेयांचे अटिलाशी असलेले नाते ही त्यांच्यात जपलेली दंतकथा आहे. पण रचना जुनी आहे. चेटकिणींची गोष्ट स्टोकरने रचलेली नाही. ती जॉर्डानेस या इतिहासकाराने ५५१ च्या सुमारास लिहिलेल्या गॉथ लोकांच्या इतिहासात येते. तिथे ती हूणांची निंदा करण्यासाठी आहे. गॉथांचा राजा फिलिमर याने चेटकिणींना सैन्यापासून दूर रानात हाकलले, तिथे त्या अशुद्ध आत्म्यांना भेटल्या आणि त्यांच्यापासून हूण जन्मले, असे जॉर्डानेस सांगतो. काउंट ही शिवी नाकारत नाही. तो तिच्यापेक्षा मोठा पूर्वज पुढे करतो.

त्याच ग्रंथात अटिलाच्या तलवारीची हकीकतही आहे. एका गुराख्याची कालवड लंगडू लागली. कारण कळेना म्हणून तो तिच्या रक्ताचा माग काढत गेला आणि गवतात रुतलेल्या तलवारीपाशी पोहोचला. ती त्याने अटिलाला नेऊन दिली, आणि युद्धदेवता मार्सची तलवार आपल्या हाती आली, आता जगाचे राज्य आपले, असे अटिला मानू लागला. काउंट ही गोष्ट सांगत नाही. पण रक्ताच्या थेंबांमागून चालत देवाच्या देणगीपर्यंत पोहोचणे हा त्याच्या श्रद्धेचाच नकाशा वाटतो.

देवापासून कूळ मोजण्याची रीतही काउंटची एकट्याची नाही. इंग्रज भिक्षू बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या धर्मेतिहासात, ब्रिटनमध्ये आलेल्या अँग्लो-सॅक्सनांचे पुढारी हेंगिस्ट आणि होर्सा यांची वंशावळ वोडनपर्यंत नेलेली आहे, आणि अनेक प्रांतांची राजघराणी त्याच मुळातून आली असेही म्हटले आहे. म्हणजे लंडनवर चालून जाणारा काउंट ज्या देवाचे नाव घेतो, त्याच देवाला इंग्रजांचे जुने राजे आपला मूळपुरुष मानत. स्टोकरने हे जाणून केले असो वा नसो, या आक्रमणाला त्यामुळे भाऊबंदकीचा रंग येतो.

भाषणाच्या शेवटी काउंट खंतावतो. या अपमानास्पद शांततेच्या दिवसांत रक्त फार मोलाचे झाले आहे, सांडायला कोणी तयार नाही, आणि थोर वंशांची कीर्ती सांगून संपलेल्या गोष्टीसारखी उरली आहे, असे तो म्हणतो. ही शेवटची उपमा बायबलमधल्या नव्वदाव्या स्तोत्रातली आहे. माणसाच्या क्षणभंगुर आयुष्याविषयीचे शब्द, न मरणाऱ्याच्या तोंडी. काउंटला स्वतःचे धर्मशास्त्र नाही. शत्रूच्या पवित्र ग्रंथातली वाक्ये उचलून तो ती उलटी लावतो, आणि पुढचा सगळा रक्तधर्म असाच उभा राहतो.

व्लाड आणि वालेकिया

पंधराव्या शतकातला वालेकियाचा (ट्रान्सिल्व्हेनियाच्या दक्षिणेच्या राज्याचा) राजा व्लाड तिसरा याच्याशी काउंटला एकजीव करण्याची सवय आता रूढ आहे. स्टोकरला नाव सापडले ते १८९० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या व्हिट्बी इथे, विल्यम विल्किन्सन यांच्या १८२० मधल्या पुस्तकात. त्यातल्या तळटीपेत वालेकियन भाषेत ‘ड्रॅक्युला’चा अर्थ सैतान असा दिला आहे. त्याआधी टिपणांमध्ये पात्राचे नाव काउंट वॅम्पायर असे होते. व्लाडच्या वडिलांना ड्रॅकुल हे नाव पडले ते १४३१ मध्ये त्यांना मिळालेल्या ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’च्या सदस्यत्वावरून, आणि ही संघटना ख्रिस्ती धर्माच्या रक्षणासाठी होती. व्लाड सेकेयही नव्हता. ईश्वराला शाप देऊन पिशाच झालेला शोकाकुल योद्धा ही चित्रपटांनी घातलेली भर आहे. कादंबरीतला काउंट ईश्वराशी भांडताना कधीच दिसत नाही.

रक्त म्हणजे जीवन

रक्तधर्माचे सूत्र काउंटच्या तोंडून येत नाही. ते येते रेनफील्ड या वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णाकडून. हा माणूस साखर टाकून माश्या गोळा करतो, माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना, आणि मग मांजर मागतो. जितके जीव पोटात जातील तितके आयुष्य वाढेल, हा त्याचा हिशेब. एका संध्याकाळी तो जेवणातली सुरी घेऊन डॉक्टर सेवर्डवर धावून जातो आणि त्याचे डावे मनगट कापतो. नंतर तो जमिनीवर पालथा पडून सांडलेले रक्त कुत्र्यासारखा चाटताना दिसतो. त्याला नेले जात असताना तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहतो : रक्त म्हणजे जीवन.

हे वाक्य बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले (१२:२३) आहे. तिथे त्याचा निष्कर्ष नेमका उलटा आहे : रक्त हे जीवन आहे, म्हणून ते खाऊ नका. बायबलमधल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायातही शरीराचा जीव रक्तात असतो असे सांगून तेच बंधन घातले आहे आणि रक्त वेदीसाठी, प्रायश्चित्तासाठी राखून ठेवले आहे. रक्त पवित्र आहे यावर बायबल आणि रेनफील्ड यांचे एकमत आहे. पवित्र म्हणून हात लावू नये, की पवित्र म्हणूनच पिऊन टाकावे, एवढाच वाद. याला आणखी एक पदर आहे : योहानाच्या शुभवर्तमानात (६:५३) ख्रिस्त आपले रक्त प्यायला सांगतो. तिथे रक्त देणारा ते राजीखुशीने देतो. काउंटच्या धर्मात ते हिसकावले जाते.

रेनफील्ड काउंटला ‘मालक’ म्हणतो, त्याच्या येण्याची वाट पाहतो, आणि सेवर्डला हा धार्मिक उन्माद वाटतो. खिडकीबाहेर लाल डोळ्यांचे हजारो उंदीर दाखवून काउंट त्याला जे आश्वासन देतो, ते जवळजवळ मत्तय ४:९ मधल्या सैतानाचेच आहे : पाया पडून माझी आराधना कर, हे सगळे जीव तुझे. याच माणसाला शेवटी आत्म्यांची धास्ती वाटते. जीव हवेत, पण त्यांचे आत्मे डोक्यावर नकोत, असे तो म्हणतो. काउंटच्या शिकवणीतली फट त्याला कळलेली असते, आणि हार्करची पत्नी मीना हिला वाचवायला तो मालकावर झडप घालतो, त्यात मरतो.

पवित्र माती

काउंट इंग्लंडला येतो तो पन्नास पेट्या माती घेऊन, आणि ती त्याच्या वाड्याच्या जुन्या प्रार्थनामंदिरातली असते. पवित्र आठवणी नसलेल्या जमिनीत तो विसावू शकत नाही, असे काउंटचा माग काढणारा डच डॉक्टर व्हॅन हेलसिंग सांगतो. क्रूसापुढे मागे सरकणारा हा जीव पूर्वजांच्या पुनीत दफनभूमीवाचून झोपू शकत नाही. म्हणून त्याला धर्मद्रोही म्हणणे अपुरे पडते. ज्या मुळावर तो घाव घालतो, त्याच मुळावर तो जगतो.

मीनाचा बाप्तिस्मा

एकविसाव्या प्रकरणात काउंट मीना हार्करचे रक्त पितो आणि मग आपल्या लांब नखांनी स्वतःच्या छातीवरची शीर उघडून तिला ते रक्त प्यायला लावतो. तिचे डोके दाबून धरण्याची तऱ्हा सेवर्डला लहान मुलाने मांजराच्या पिल्लाचे नाक दुधाच्या बशीत बुडवावे तशी वाटते. छाती फोडून रक्त पाजणे ही ख्रिस्ती कलेतल्या पेलिकन पक्ष्याची खूण आहे. पिलांना स्वतःच्या रक्तावर जगवणारा तो पक्षी म्हणजे ख्रिस्ताचे रूप. काउंट त्या वेळी उत्पत्ति २:२३ मधले आदामाचे हव्वेविषयीचे शब्द वळवून बोलतो : तू माझ्या मांसाचे मांस, माझ्या रक्ताचे रक्त, माझ्या कुळातली. व्हॅन हेलसिंग या प्रकाराला व्हॅम्पायरचा बाप्तिस्मा म्हणतो. पवित्र भाकर कपाळाला लावताच मीनाचे कपाळ भाजते आणि ती स्वतःला ‘अशुद्ध’ म्हणते. लेवीय १३:४५ मध्ये कुष्ठरोग्याने हाच शब्द ओरडायचा असतो.

कादंबरीत आपण पाहतो त्यांत काउंट रक्त देतो तो हा एकच प्रसंग, आणि तोच त्याला महागात पडतो. रक्ताने जोडलेला जीव आपल्या हुकमात राहतो एवढेच त्याने गृहीत धरलेले असते. धागा दोन्हीकडून ओढता येतो हे मीनाच्या ध्यानात येते. पहाटेपूर्वी आपल्याला संमोहित करा, असे ती स्वतः सांगते. डोळे मिटून ती काळोख, पाण्याची चुळबूळ आणि नांगराच्या साखळीचा करकराट सांगते, आणि काउंट जहाजावर आहे हे कळते. त्याचा ठावठिकाणा त्याच्याच रक्ताने फोडलेला असतो.

रक्तातून नाते जुळते ही समजूत त्याच्या शत्रूंचीही आहे. काउंटने रक्त प्यायलेल्या लुसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार पुरुष आपापले रक्त देतात : तिचा वाग्दत्त वर आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेलसिंग आणि क्विन्सी मॉरिस. रक्तगटांचा शोध १९०१ पर्यंत लागायचा होता, त्यामुळे कोणाचे कोणाला चालेल हा प्रश्नच येत नाही. आर्थर तर त्यानंतर ती ईश्वरापुढे आपली पत्नी झाली असे मानतो, आणि इतर तिघांनीही रक्त दिल्याचे त्याच्यापासून लपवले जाते. ते सगळे रक्त लुसीतून काउंट पितो. काउंटचे मीना पिते. काउंटच्या मृत्यूनंतर मीनाला ६ नोव्हेंबरला, काउंटशी लढताना मेलेल्या क्विन्सी मॉरिसच्या स्मृतिदिनी, मुलगा होतो. त्याच्या नावात काउंटचा पाठलाग करणाऱ्या टोळीतल्या सगळ्या पुरुषांची नावे गुंफली आहेत, हाक मात्र क्विन्सी अशी मारतात. त्या शूर मित्राचा काही अंश मुलात उतरला आहे, अशी आईची मनोमन श्रद्धा असल्याचे हार्कर लिहितो. काउंटच्या हिशेबाने पाहिले तर तो अंश खरोखरच उतरलेला आहे, आणि त्याच वाटेने अटिलाचाही.