बालीतलं गाव: देसा दिनास वेगळं, देसा आदात वेगळं

इंडोनेशियातल्या बाली बेटावर जाऊन आलेला दर दुसरा माणूस परत आल्यावर एक वाक्य टाकतोच, "तिकडे खेड्यात अजून पारंपरिक पंचायत आहे आणि सरपंचाच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही." एवढ्याशा वाक्यात दोन वेगळी गावं कालवलेली असतात आणि ती कुणी वेगळी करून सांगत नाही. मी कारांगासेम या पूर्व बालीतल्या जिल्ह्याच्या डोंगरातल्या एका गावात काही महिने राहिलोय, पहिल्या महिन्यात मीही हाच घोळ घातलेला, त्यामुळे चिडायचा हक्क मी कमावलाय असं समजा.

बालीत एकाच जागी दोन गावं असतात. एक सरकारी, देसा दिनास. दुसरं रीतीचं, देसा आदात. माणसं तीच, घरं तीच, पण प्रमुख वेगळा, नियम वेगळे, पैसा वेगळा आणि जमिनीवरची पकडही वेगळी.

देसा दिनास तुम्हाला आधीच माहितीये, आपली ग्रामपंचायत, संपलं. निवडून आलेला प्रमुख, त्याला तिथे पर्बकल म्हणतात, ओळखपत्राचे दाखले, रस्ते, गटारं, २०१५ पासून जकार्ताहून म्हणजे केंद्र सरकारकडून येणारा दाना देसा नावाचा निधी, आणि तो कुठे गेला यावरून भांडणं. २०२४ च्या दुरुस्तीने प्रमुखाची मुदत सहावरून आठ वर्षं झाली. यात न कळण्यासारखं काही नाही.

नावातच फरक आहे खरं तर. दिनास हा डच शब्दातून आलेला, सरकारी नोकरी-खातं या अर्थाचा. आदात अरबीतून, म्हणजे आपल्या कानावर असलेली ती हिंदी आदतच. आणि देसा म्हणजे आपला देश, संस्कृतातून तिकडे जाऊन गावाएवढा झालेला. नावाचा आणखी एक गोंधळ म्हणजे २००१ च्या प्रांतिक नियमात देसा आदातला देसा पाक्रामान म्हटलं होतं आणि २०१९ च्या चौथ्या नियमाने परत देसा आदात केलं, त्यामुळे जुन्या लेखात एक आणि नव्यात दुसरं दिसतं आणि लोकांना वाटतं ही तीन गावं आहेत. दोनच आहेत.

हद्दी जुळतात का? नाही. बालीत सरकारी गावं आणि शहरी वॉर्ड मिळून ७१६ आणि देसा आदात सुमारे १५००, म्हणजे साधारण दुप्पट, तेव्हा एकास एक जोडी लागणारच नाही. तेंगानान या सरकारी गावाच्या पोटात तेंगानान पेगरिंगसिंगन आणि तेंगानान दाउह तुकाद अशी वेगवेगळी रीतीची गावं आहेत, प्रत्येकाची देवळं आणि नियम आपापले. उलटही असतं, एक आदात गाव दोन सरकारी हद्दींत पसरलेलं. हे एवढंच, यावर फार वेळ घालवू नका.

लोक खरे अडखळतात ते जमिनीच्या प्रश्नावर. तिथे सावकाश जाऊया.

मी ज्या अंगणात राहायचो ते घर एका मध्यमवयीन जोडप्याचं. भिंती त्यांच्या, छप्पर त्यांचं, फणसाचं झाड त्यांच्या आजोबांनी लावलेलं, डोंगर आणि उगवतीच्या कोपऱ्यात कुळाचं देऊळ, घरपट्टीसारखी जी कराची चिठ्ठी दरवर्षी येते तीही त्यांच्याच नावाची. मी आपला मराठी माणूस, चिठ्ठीवर नाव बघितलं आणि ठरवून टाकलं की हे मालक. (घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे हे आपल्याकडेही बऱ्याच जणांना कोर्टाची पायरी चढल्यावरच कळतं, तो भाग सोडा.) पण ज्या मातीवर ते सगळं उभं होतं ती त्यांची नव्हतीच. ती देसा आदातची. अशा अंगणाला पकारांगन देसा म्हणतात, म्हणजे गावाने राहायला दिलेली जागा, आणि तिच्या बदल्यात भाडं नाही तर काम द्यायचं, त्या कामाला आयाहान म्हणतात.

हे काम वरवरचं नाही. गावाच्या तीन मुख्य देवळांची, पुरा पुसेह, पुरा देसा आणि पुरा दालम, जत्रा साधारण दर २१० दिवसांनी येते, तेव्हा झाडलोट, मांडव, नैवेद्य, पहाटेपासून मसाला कुटणं. कुणाकडे मयत झाली की सगळी वाडी हजर. बांजारची म्हणजे वाडीची बैठक बऱ्याच ठिकाणी दर ३५ दिवसांनी, हजेरी घेतात, गैरहजर राहिलात तर दंड. सभासद म्हणून मोजतात ते एकटा माणूस नाही तर लग्न झालेलं जोडपं, कारण अर्धी कामं बायकांची आणि अर्धी पुरुषांची, एकट्याने होतच नाहीत. मुलाने लग्न करून आईबापांची जागा घेतली की काम त्याच्याकडे आणि अंगणही त्याच्याकडे. आणि वंशच संपला तर? अंगण गावाकडे परत जातं, गाव ते दुसऱ्या कुटुंबाला देतं.

म्हणजे तिथे अंगण कामाच्या मागे जातं, काम अंगणाच्या मागे नाही. आपल्या डोक्यात हे उलटं बसलेलं असतं, आधी मालकी मग जबाबदारी.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं "अरे मग हे गोव्याच्या कोमुनिदादसारखं". जवळ आलात, पण नाही. गोव्यातल्या गांवकारीतही जमीन सामायिक, हे बरोबर, पण गांवकाराचा हक्क जन्माने आणि त्याला वाट्याचे पैसे, झोण, मिळतं, तो मुंबईत नोकरी करत असला तरी मिळतं. बालीत पैसे मिळत नाहीत, तुम्हीच घाम देता, आणि देनपासारला, म्हणजे बालीच्या राजधानीत, नोकरी करत असाल तर सणाला बस पकडून यायचं किंवा बदलीचे पैसे भरायचे. माझ्या मते मराठी माणसाला समजवायचं तर कोकणातली गावऱ्हाटी जास्त जवळची, देवळाचे मान, पाळ्या, गावाचा शब्द. फक्त गावऱ्हाटीच्या हातात तुमच्या घराखालची जमीन नसते, इथे असते. "पारंपरिक पंचायत" हा शब्द मात्र कृपा करून वापरू नका, त्यात पंचायत हा शब्द आला की डोक्यात सरपंचच येतो आणि परत पहिल्यापासून सगळं.

बरं, शेत वेगळं. भाताची खाचरं आणि डोंगरउताराची बागायत बहुतेक ठिकाणी खाजगी, विकता येते. तेंगानान पेगरिंगसिंगनसारखी गावं याला अपवाद, तिथे जमीन बाहेरच्याला विकायचीच नाही, आणि दुरियानसारख्या ठरावीक झाडांची फळं तोडायची नाहीत, आपोआप गळून पडलेलीच उचलायची, झाड तुमच्या रानात असलं तरी. म्हणजे "बालीत जमीन सगळी गावाची" हेही खोटं आणि "कागद माझ्या नावाचा म्हणजे माझी" हेही खोटं.

कागदाचं सांगायचं तर २०१७ मध्ये जमीन खात्याच्या मंत्रालयाने बालीच्या या गावांना सामायिक मालकीचा धारक म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून गावाची जमीन थेट गावाच्या नावावर प्रमाणित करता येते. त्याच्या आधी गावाला ती सोय नव्हती, आणि अंगण एखाद्या कुटुंबाच्या नावावर चढलं की एक भाऊ म्हणतो माझं, गाव म्हणतं आमचं, आणि दोघांकडेही दाखवायला काहीतरी असतं. म्हणून प्रमाणपत्र बघून थांबू नका, बंदेसा आदातला म्हणजे रीतीच्या गावप्रमुखाला विचारा की ही जागा गावाची की खाजगी. पर्बकलला विचारून भागत नाही. मी पर्बकलच्या कचेरीत नाव नोंदवून आलो आणि निवांत झालो, तिसऱ्या दिवशी वाडीचा क्लियान म्हणजे वाडीप्रमुख दारात, "तुम्ही आमच्याकडे आलाच नाहीत." रागावला नव्हता, पण हसतही नव्हता.

काम नाकारलं तर काय होतं? आधी दंड, मग समज, आणि शेवटची पायरी कासेपेकांग, म्हणजे वाळीत. बोलणं बंद, मदत बंद, आणि सगळ्यात जड म्हणजे गावाच्या स्मशानाचा हक्क बंद. ओळखपत्र, मतदान, सरकारी दवाखाना हे सगळं चालू राहतं, कारण ते दिनासचं. आपल्याकडे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे म्हणून आपण नाक मुरडतो, आणि मीही मुरडतो, प्रेत अडवून ठेवणं मला कुठल्याच रीतीत पटत नाही. पण तिकडचे म्हातारे म्हणतात, ज्याने तीस वर्षं कुणाची तिरडी उचलली नाही त्याची कोणी का उचलावी. मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

सुरक्षेत तोच घोळ, छोट्या आकाराचा. काळे कपडे आणि काळ्या-पांढऱ्या चौकडीचं वस्त्र गुंडाळलेले पचालांग म्हणजे पोलीस नव्हेत. ते आदातचे राखणदार, जत्रेची गर्दी, रस्ता अडवणं, न्येपीला सगळं बंद आहे ना हे बघणं. (न्येपी हे त्यांचं शक वर्षाचं पहिलं पान, २०२३ ला ते आणि आपला पाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला. आपण गुढी उभारतो, ते दिवे मालवून घरात बसतात, विमानतळसुद्धा बंद.) अटक करायचा अधिकार पोलिसांचा, आणि गावाला नेमून दिलेला एक पोलीस आणि एक लष्करी जवान असतो तो दिनासच्या बाजूचा. चोरी झाली तर तक्रार पोलिसात. पण रात्री दोन वाजता आग लागली किंवा कड्याची दरड आली तर आधी वाजतो तो कुलकुल, वाडीच्या मनोऱ्यातला पोकळ लाकडी ठोकळा, न थांबता जलद ठोके, आणि पाच मिनिटांत माणसं बादल्या घेऊन बाहेर. डोंगरातल्या गावात अग्निशमनची गाडी पोचेपर्यंत जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

२०१७ ला आगुंग ज्वालामुखी जागा झाला तेव्हा लाखावर लोक हलवावे लागले. १९६३ च्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली होती, त्यामुळे भीती खरी होती. याद्या, तंबू, तांदूळ हे सरकारी यंत्रणेचं काम, आणि झोपायला जागा म्हणून कितीतरी ठिकाणी बाले बांजार, म्हणजे दुसऱ्या गावच्या वाडीची सभागृहं उघडली. तेव्हा दोन्ही गावं लागली, एकाने निभावलं नसतं.

दोन किरकोळ गोष्टी उरल्या. सुबाक, म्हणजे भाताच्या पाण्याची संघटना, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत असलेली, ती या दोन्हींत बसत नाही, तिचं सभासदत्व तुमच्या खाचराला कुठल्या पाटाचं पाणी येतं त्यावर, घर कुठल्या गावात यावर नाही. आणि जे विचारतात "मग आम्ही तिथे छोटी जागा घेऊ का", तर परदेशी माणसाला १९६० च्या जमीन कायद्याने पूर्ण मालकी मिळत नाही, स्थानिकाच्या नावावर गुपचूप घेण्याचा करार त्याच कायद्याने रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारकडे जाऊ शकते. वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा घ्या. तो करताना शेजारच्या पाच घरांना विचारा की या अंगणाची पाळी देवळात कोण भरतं, त्या नावावरून जागा कुणाची ते बरंचसं कळतं.