बरणीतले आम्ल, जठरातले आम्ल

मे महिना सरत आला की गोव्यात पुरुमेंताची घाई सुरू होते. पावसाळ्यात पुरतील इतकी सोले (आमसुले), सुकी सुंगटे (कोळंबी), खारवलेले बांगडे आणि चेपणीतले, म्हणजे मिठात दडपून मुरवलेले, तोर (कोवळ्या कैऱ्या) घरात भरून ठेवायचे, ही इथली जुनी रीत आहे. आमच्या घरी चेपणीची चिनीमातीची बरणी अजून वापरात आहे. आई कोवळे तोर धुऊन कोरडे करते, मिठाच्या थरांत रचते आणि वर नदीतला गुळगुळीत जड दगड ठेवते. काही दिवसांत तोरांना पाणी सुटून ते त्यातच बुडतात, त्यांचा हिरवा रंग शेवाळी होतो आणि बरणीच्या तोंडाशी नाक नेले की आंबूस, खारट वास येतो. ‘रसायन मारलेले अन्न’ या शब्दांनी आपण सगळेच दचकतो. पण या बरणीत चालते तीही अन्नावरची रासायनिक प्रक्रियाच असते, आणि तिचे तत्त्व समजले तर छातीत होणारी जळजळही नीट समजते.

मीठ कैरीच्या पेशींतले पाणी ओढून घेते आणि त्या पाण्यात कैरीचे स्वतःचे आम्ल उतरते. आम्लता सामूने, म्हणजे पीएचने, मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७; त्याखाली एकेक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. सामू ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारा जंतू वाढू शकत नाही, म्हणून डबाबंद अन्नाच्या आणि लोणच्यांच्या शास्त्रात या आकड्याला फार महत्त्व आहे. ख्रिस्ती घरांतल्या बलचांव या लोणच्यासारख्या पदार्थात हेच काम माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर करते. त्यातल्या ॲसेटिक आम्लाचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास असते, आणि तेवढ्यावर सुंगटांचा मसाला महिनोन्महिने टिकतो.

जठरात हीच युक्ती कितीतरी अधिक तीव्रतेने चालते. आपले जठर दिवसाला सुमारे दीड ते दोन लिटर रस पाझरते आणि उपाशीपोटी त्याचा सामू दीड-दोनपर्यंत खाली असतो, म्हणजे तो व्हिनेगरपेक्षाही तीव्र असतो. हे आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. ते प्रथिने उलगडते, पेप्सिन या पाचकद्रव्याला जागे करते आणि अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मारते. हे शेवटचे काम किती मोलाचे आहे, ते पटकीच्या अभ्यासातून दिसले आहे: स्वयंसेवकांना आधी सोडा देऊन जठरातले आम्ल निकामी केले, तेव्हा आजार होण्यासाठी एरवीपेक्षा हजारो पटींनी कमी जंतू पुरले. जठरातले आम्ल हा आपल्या देहाच्या दारावरचा राखणदार आहे, हे मला या लेखात सर्वांत आधी सांगायचे आहे, कारण त्याच्याकडे केवळ शत्रू म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे.

बोलताना आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. आयुर्वेदातली पित्ताची संकल्पना वेगळी आणि व्यापक आहे. आधुनिक शरीरशास्त्रात मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, आतड्यात चरबी पचवायला मदत करणारा रस, आणि तो आम्लधर्मी नसतो. जळजळीशी संबंध येतो तो जठररसाचा. तो जठराला जाळत नाही, कारण जठराच्या आतल्या पृष्ठभागावर बायकार्बोनेटने भरलेल्या श्लेष्म्याचा थर असतो आणि तिथल्या पेशी काही दिवसांतच बदलून नव्या येतात. अन्ननलिकेला असे चिलखत नसते. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत आम्ल जास्त झालेले नसतेच. ते चुकीच्या जागी गेलेले असते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली स्नायूंची कडी सैल पडली की रस वर चढतो आणि घशाशी आंबट येते. पोट तुडुंब भरणे, वाढलेला घेर, धूम्रपान आणि मद्य ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत तर ती वेगळी सांगावी लागत नाहीत.

जठराचे स्वतःचे चिलखत फाटते, तेव्हा व्रण होतो. अनेक दशके त्याचे खापर तिखटावर आणि काळजीवर फोडले गेले. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे बोट दाखवले, मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणाचे दुसरे मोठे कारण घरोघरी डब्यात असते: वेदनाशामक गोळ्या. त्यांपैकी पुष्कळ गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य कमी करतात आणि श्लेष्म्याचा थर टिकवून ठेवण्याचे काम त्याच द्रव्याकडे असते. गुडघ्यासाठी महिनोन्महिने गोळी घेणारी व्यक्ती जळजळीचा दोष आमटीतल्या मिरचीला देते, तेव्हा मला फार वाईट वाटते.

दुपारी जेवून आडवे होण्याच्या गोव्यातल्या सवयीविषयी इथे बोललेच पाहिजे. जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये, हे खरेच. तरीही आपल्या भाषेत या झोपेला वामकुक्षी म्हणतात, म्हणजे डावी कूस, आणि त्या शब्दात शरीररचनेचे चांगले ज्ञान आहे. डाव्या कुशीवर असताना जठराचा फुगीर भाग खाली येतो, रस तिथे साचतो आणि अन्ननलिकेचे तोंड त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर हे उलटे होते. रस वर चढणाऱ्यांना डाव्या कुशीवर कमी त्रास होतो, हे अन्ननलिकेतली आम्लता मोजून पाहिलेल्या अभ्यासांतही आढळले आहे.

आता औषधांकडे. विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग दाखवते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, घालायचे. सुंदर लालभडक रंग येतो. मग चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. फसफसून फेस वर येतो, आणि सोडा वाढवत नेला की लाल रंग मावळून पाणी मळकट, निळसर होते. कोकमातली रंगद्रव्ये आम्लात लाल असतात आणि आम्ल संपताच रंग बदलतात. जळजळीवर सोडा घेतल्यावर पोटात हेच होते: सोडा आणि आम्ल मिळून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या वायूचा ढेकर येतो आणि बरे वाटते. पण आराम थोडा वेळच टिकतो आणि सोडियमची भर रक्तदाबाच्या रुग्णांना परवडणारी नसते. हाच प्रयोग हेही सांगतो की सोलकढी मुळात आम्लधर्मी आहे. जेवणाबरोबर ती अनेकांना मानवते, काहींना तीच घशाशी येते. ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावे.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्यांचे काम वेगळे आहे. तयार झालेल्या आम्लाला त्या हात लावत नाहीत. आम्ल बाहेर फेकणारे पेशींतले पंपच त्या बंद करतात. हे पंप जेवणामुळे कामाला लागतात आणि चालू असलेल्या पंपालाच गोळी जखडू शकते, म्हणून ती सामान्यतः जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर, जेवून उठल्यावर गोळी घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणारे मी अनेक पाहिले आहेत. व्रणावर आणि अन्ननलिकेच्या दाहावर ही औषधे खरोखर प्रभावी आहेत. पण ठरावीक आठवड्यांसाठी दिलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, ही बाब काळजीची आहे. ती एकदम थांबवली की आम्ल काही काळ उसळून येते, निरोगी माणसांतही हे दिसले आहे, आणि माणूस समजतो की आजार परतला. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. शिवाय राखणदार झोपवलेला असल्यामुळे साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर यांसारख्या जंतूंचा संसर्ग अधिक सहज होतो. रोज ही गोळी घेणाऱ्याने कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवे टाळावीत, असे मी आग्रहाने सांगते. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच कमी करावी. आणि गिळताना अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा छातीत दाटून येणारी कळ असेल तर ‘ॲसिडिटी’ म्हणून घरी बसू नये.

उरला प्रश्न बाजारातल्या रसायनांचा. आंब्याच्या बाबतीत उत्तर बरेच स्पष्ट आहे. अढीत आंबा पिकतो तो त्याच्याच अंगातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे. ठरावीक मर्यादेत बाहेरून इथिलीन देण्यास आपल्याकडे परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, कारण दमट हवेत त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचा अंश असतो.

माशांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जुलै २०१८ मध्ये, मासेमारीबंदीच्या दिवसांत, मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या माशांत फॉर्मेलिन असल्याचा प्रश्न पेटला आणि सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते, म्हणून प्रयोगशाळेत नमुने टिकवायला वापरतात, आणि म्हणूनच ते अन्नात घालण्यास मनाई आहे. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. परंतु समुद्री मासा मेल्यानंतर त्याच्या मांसातल्या एका नैसर्गिक द्रव्याचे विघटन होऊनही थोडे फॉर्मॅल्डिहाइड तयार होते. त्यामुळे ‘सापडले’ एवढे पुरत नाही, कोणत्या माशात किती सापडले ते मोजावे लागते. माशी बसते की नाही यावरून ते कळत नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीवर होणारी झटपट चाचणी तयार केली आहे, आणि अशी चाचणी बाजारात नियमित झाली पाहिजे.

तरीही मासे खाऊन तोंड लाल झाले, डोके ठणकले, पोटात मळमळले की ‘रसायन होते’ असे म्हणण्याआधी बांगड्याकडे पाहावे. बांगडा, कुप्पा (ट्यूना) यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते, आणि मासा उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. हिस्टामिन हे आपल्याच शरीरातले संदेशवाहक द्रव्य. जठराच्या पेशींना आम्ल पाझरायला सांगणारेही तेच. माशात ते साचले की ना दिसते ना कळते, आणि शिजवून, तळूनही जात नाही. ते तयारच होऊ न देणे, म्हणजे पकडल्या क्षणापासून बर्फ, हा एकच उपाय आहे. मडगावहून फोंड्याला यायला मला पाऊण तास लागतो. पिशवीऐवजी मी झाकणाचा डबा नेते, तळाशी बर्फ, त्यावर बांगडे, वर पुन्हा बर्फ. आणि विकणारीकडे भाव विचारण्याआधी तिच्या टोपलीत बर्फ किती आहे ते पाहते.