बुकिंग रद्द करणं वेगळं, हॉटेलने सेवा न देणं वेगळं

मे महिना आणि नाताळची सुट्टी, या दोन हंगामांत एकच तक्रार न चुकता कानावर येते. हॉटेलात दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, किंवा सामानासकट पोचल्यावर कळलं की रूमच शिल्लक नाही. पैसे मागितले तर काउंटरवरून उत्तर आलं, ‘सर, बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे.’ पाहुणा तिथेच गप्प बसतो. वर घरचे त्यालाच सुनावतात, की बुक करताना अटी वाचायच्या होत्यास.

अटी वाचून काही फरक पडला नसता, कारण ती अट या प्रसंगासाठी नाहीच. तुम्ही तुमच्या कारणाने आला नाहीत तर पैसे परत मिळणार नाहीत, एवढंच ती सांगते. हॉटेलने कबूल केलेली सेवा दिली नाही, तर तो निराळा प्रकार. ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला सेवेतील त्रुटी म्हणतात आणि त्याचा हिशेब रद्द करण्याच्या तक्त्यावरून होत नाही. हॉटेलवाले या दोन्हींची सरमिसळ करतात ते समजू शकतं, त्यांचा त्यात फायदा आहे. पाहुण्यांनीही तीच सरमिसळ करावी, याचा मात्र मला फार त्रास होतो.

रद्द करणं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. मुलाला ताप आला, रजा मंजूर झाली नाही, बेत बदलला. अमुक तारखेपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे, त्यानंतर एका रात्रीचं भाडं कापणार, शेवटच्या दिवसांत काहीच नाही, असा तक्ता असतो. स्वस्त दर घेताना ही जोखीम आपण पत्करलेली असते. हॉटेलने खोली आपल्यासाठी अडवून ठेवलेली असते, त्यामुळे त्याने पैसे ठेवले तर त्यात मला गैर वाटत नाही. अ‍ॅपवरून बुकिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, अ‍ॅपने स्वतःहून एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर ते तसंच शुल्क स्वतः सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही त्याला रद्द करण्याचं शुल्क घेता येत नाही.

आता त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘सेवा’ म्हणजे काय हे सांगताना जेवणखाण आणि निवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे लॉजपासून पंचतारांकितपर्यंत सगळे त्यात आले. त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे. कायद्याने जी सेवा द्यायलाच हवी, किंवा करारात जी कबूल केली, तिच्या दर्जात किंवा ती देण्याच्या पद्धतीत कसलाही दोष, उणीव वा कमतरता म्हणजे त्रुटी. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवली तर तीही त्रुटीच. स्विमिंग पूल दुरुस्तीसाठी महिनाभर बंद आहे हे हॉटेलला माहीत होतं आणि बुकिंग घेताना ते बोललं नाही, हे त्याचं साधं उदाहरण.

‘कबूल केलेली’ या शब्दावर थांबा, कारण निम्मे वाद इथेच फिरतात. कोकणात जोराचा पाऊस झाला, लाईट गेली, रात्रभर आली नाही. मॅनेजर म्हणतो, ‘महावितरणची लाईट गेली, आम्ही काय करणार?’ लाईट जाणं त्याच्या हातात नव्हतं, हे खरं. पण बुकिंगच्या पानावर ‘पॉवर बॅकअप’ असं लिहिलं होतं का? असेल, तर लाईट गेल्यावर जनरेटर चालवणं हेच त्याने कबूल केलं होतं. जनरेटर बिघडलेला निघाला किंवा डिझेल संपलं, तर ती त्रुटी हॉटेलचीच. तसं काही लिहिलंच नव्हतं आणि दोन तास लाईट नव्हती, तर तक्रारीत फारसा जीव नाही. पाण्याचंही असंच. गावात टंचाई असेल, पण ‘२४ तास गरम पाणी’ लिहून पैसे घेतले असतील तर टँकर मागवणं त्याचं काम. म्हणून बुकिंग झाल्याझाल्या सोयीसुविधांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ती पानं नंतर बदलतात.

लोक जिथे खरोखर फसतात ती जागा पुढे आहे. तक्रार त्रुटीची असते आणि पाहुणा स्वतःच्या हाताने तिचं रूपांतर रद्द करण्यात करून टाकतो.

समजा, महाबळेश्वरला शनिवारी रात्री नऊ वाजता कुटुंब पोचलं. हॉटेलने जास्त बुकिंग घेतलंय, रूम नाही. काउंटरवरचा माणूस फार गोड बोलतो: ‘साहेब, तुम्ही अ‍ॅपवरून कॅन्सल करा, आम्ही इकडून अप्रूव्ह करतो, पैसे लगेच परत येतील.’ पाहुणा दमलेला असतो, मुलं रडत असतात. तो अ‍ॅप उघडून रद्दचं बटण दाबतो. अ‍ॅप कारण विचारतं आणि खाली पर्याय देतं: बेत बदलला, तारीख बदलली, दुसरीकडे स्वस्त मिळालं. हॉटेलने रूम नाकारली, हा पर्याय सापडला नाही की लोक हाताला येईल तो निवडतात. पुढच्या क्षणी मेल येतो: आपल्या विनंतीनुसार बुकिंग रद्द केले आहे, परतावा शून्य रुपये. इथून पुढे नोंदीप्रमाणे हॉटेल तयार होतं आणि पाहुणाच आला नाही. खरं काय घडलं ते सिद्ध करण्याचं ओझं आता पाहुण्याच्या डोक्यावर.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे. हॉटेल सेवा देत नसेल तर रद्दचं बटण तुम्ही दाबायचं नाही, कुणीही कितीही गोड बोललं तरी. हॉटेलला रद्द करायचं असेल तर त्याने त्याच्या बाजूने करावं. तुम्ही अ‍ॅपच्या मदत विभागात ‘हॉटेलने चेक-इन नाकारलं’ अशी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, काउंटरवरून हॉटेलला मेसेज टाका. फोनवर बोलणं झालं असेल तर फोन ठेवल्यावर तेच बोलणं लिहून पाठवा.

याहून अवघड प्रसंग म्हणजे अर्धवट मुक्काम सोडण्याचा. तीन रात्रींचं बुकिंग, दुसऱ्या दिवशी पाणी गेलं, तुम्ही वैतागून बॅगा भरल्या आणि निघालात. हे रद्द करणं झालं की त्रुटी? दोन्ही होऊ शकतं. न सांगता निघून गेलात तर हॉटेल म्हणणार, पाहुणे लवकर गेले, त्यांची मर्जी. निघण्याआधी तक्रार लेखी दिली, दुरुस्तीला वाजवी वेळ दिला, तो टळून गेला आणि मग निघालात, तर सेवा न मिळाल्यामुळे जावं लागलं हे स्पष्ट दिसतं. मेसेज असा असावा:

‘नमस्कार. रूम २०४. सकाळी ७ पासून पाणी नाही. ९ वाजता काउंटरवर सांगितलं, तेव्हा ११ पर्यंत येईल असं कळलं. आता दुपारचा १ वाजला, अजून पाणी नाही. ४ वाजेपर्यंत पाणी सुरू करा किंवा दुसरी रूम द्या. तसं झालं नाही तर सेवा न मिळाल्यामुळे आम्हाला रूम सोडावी लागेल आणि उरलेल्या रात्रींचे पैसे परत मागू. आम्ही बुकिंग रद्द करत नाही आहोत.’

शेवटचं वाक्य गाळू नका. सोबत कोरड्या नळाचा व्हिडिओ जोडा. चेक-आउटच्या वेळी काउंटरवर कागद पुढे केला आणि त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव लवकर प्रस्थान’ असं छापलेलं असेल, तर ते खोडून ‘पाणी नसल्यामुळे’ असं लिहा, मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो घ्या. बदली रूम दिली आणि ती कमी दर्जाची निघाली, तरी रात्री मुलाबाळांना घेऊन रस्त्यावर उभं राहू नका. रूम घ्या, पण ‘फरकाची रक्कम मागण्याचा हक्क राखून स्वीकारत आहोत’ असं मेसेजमध्ये लिहा.

किती मागायचं, यातही लोक दोन टोकांना जातात. कुणी एक रुपया मागत नाही, कुणी दोन तास गिझर बंद होता म्हणून लाखाची नोटीस पाठवतं. रूमच मिळाली नाही तर पूर्ण रक्कम, शिवाय दुसरीकडे जादा मोजावे लागलेले पैसे आणि टॅक्सीभाडं, असं मागता येतं. पण दुसरं हॉटेल साधारण त्याच दर्जाचं घ्या. नुकसान आटोक्यात ठेवायला हाताशी काय उपाय होते, हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं, तसं भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मध्येच म्हटलंय. सुविधा अर्धवट मिळाली असेल तर त्या प्रमाणात मागा. मनस्तापाची भरपाई वेगळी मागता येते, पण ती मूळ नुकसानीशी मेळ खाणारी असली की तक्रारीला वजन येतं. सेवा सदोष निघूनही हॉटेल पैसे परत करत नसेल, तर बिलात लिहिलेल्या मुदतीनंतर, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांनंतर, ती अनुचित व्यापारी प्रथाही ठरते.

‘नॉन-रिफंडेबल ही अटच बेकायदा ठरवा,’ अशी मागणी घेऊन लोक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातात, तेही टाळा. करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य आयोगापुढे करावी लागते, आणि तुम्हाला तिची गरजही नाही. अट खुशाल राहू द्या, तुमचं म्हणणं एवढंच की ती या प्रसंगाला लागू नाही. छापील ओळीमागे हॉटेलला किती लपता येतं, याचा अंदाज सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या निकालावरून येतो. पाहुण्याने पार्किंगसाठी हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली होती. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलं म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

रद्द करणं आणि त्रुटी, या दोन्हींत न बसणारा प्रकार म्हणजे आपत्ती. प्रशासनाने हॉटेलच बंद करायला लावलं, तर करार पार पाडणं अशक्य झालं. अशा वेळी घेतलेले पैसे परत करावे लागतात, करार कायद्याची कलमं ५६ आणि ६५ त्यासाठी आहेत, पण हॉटेलची चूक नसल्याने वर भरपाई मागू नये. घाटात दरड कोसळली आणि हॉटेल मात्र उघडं, रूम तयार आहे, तर तिथे त्रुटीही नाही. मग तारीख बदलून मागा, सौजन्याने मागा. धबधब्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली म्हणून हॉटेलशी भांडणारे दर पावसाळ्यात भेटतात. ते चूक आहेत.

बारीकसारीक गैरसमज पटकन उरकतो. विमान रद्द झालं तर भरपाई किती, याचा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, तक्ता आहे, हॉटेलांसाठी तसा तक्ता नाही. पाण्याच्या बाटलीचे एमआरपीपेक्षा जास्त लावले, ही तक्रार हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच ते स्पष्ट केलंय. आणि पैशांऐवजी ‘पुढच्या वेळचं व्हाउचर’ घेऊ नका. पैसे दिले होते, पैसेच परत मागा.

तक्रार कुठे करायची, यात शेवटचा घोळ असतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे फोन केल्यावर तक्रार हॉटेलकडे किंवा अ‍ॅपकडे पोचवली जाते, बरेचदा तेवढ्यावर पैसे परतही येतात. पण हॉटेलने नाही म्हटलं तर हेल्पलाइनला आदेश देता येत नाही, आणि तिथे नोंद केली म्हणजे दावा दाखल झाला असं होत नाही. दाव्याची मुदत घटनेपासून दोन वर्षं, ती चालूच राहते. अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते, तेवढी वाट पाहा. मग जिल्हा ग्राहक आयोगात जा आणि हॉटेल व अ‍ॅप दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत राहतील. हॉटेल गोव्यात आणि तुम्ही नागपूरला राहत असाल तर तक्रार नागपूरला करता येते, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. वकील सक्तीचा नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे.