देवघर

देवघर म्हणजे घरातील नित्यपूजेची जागा. जुन्या वाड्यांत त्यासाठी स्वतंत्र खोली किंवा भिंतीतला कोनाडा असे. फ्लॅटमध्ये बहुधा स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात लाकडी देव्हारा ठेवतात. जागा लहान असली म्हणून काही उणे पडत नाही. घरातील मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंतच असावी, असे मत्स्यपुराणातच सांगितले आहे. घरचे देव मुळात लहानच असतात.

आखणी कळसापासून नव्हे, पाटापासून सुरू करावी. पूजेला बसल्यावर समोर ताम्हन, हाताशी तांब्या, पळी-पंचपात्र, सहाण आणि फुलांची परडी मावली पाहिजे. कोरीव खांबांवर खर्च होतो आणि ताम्हन ठेवायला वीतभर जागा उरत नाही, ही नेहमीची चूक आहे. देवांची बैठक बसलेल्या माणसाच्या छातीच्या पातळीला आली, तर हात न ताणता गंध लावता येते. गुडघ्यांमुळे खाली बसणे जमत नसेल, तर हीच उंची उभ्याने मोजावी.

वास्तुशास्त्रात ईशान्य कोपरा श्रेष्ठ मानला आहे. तो मिळाला नाही, तर पूजा करणाऱ्याचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला येईल अशी शांत भिंत पुरते.

पंचायतनात गणपती, शिव, विष्णू, देवी आणि सूर्य हे पाच देव असतात. इष्टदेवता मध्ये आणि बाकीचे चार कोपऱ्यांत. विष्णूसाठी गंडकी नदीतला शाळीग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण, म्हणजे लिंगाच्या आकाराचा गुळगुळीत दगड, पूजतात. शाळुंकेची, म्हणजे लिंगाखालच्या बैठकीची, पन्हळ उत्तरेकडे ठेवतात. मराठी घरांत यांच्या जोडीला कुलदैवतांचे टाक (देवाची प्रतिमा उठवलेले धातूचे छोटे पत्रे) आणि सुनेने माहेरून आणलेली अन्नपूर्णा असते. घरात देव असे येत राहतात, म्हणून एक पायरी मोकळी सोडावी.

सर्वांत जपावे ते दिव्याला. देव्हाऱ्याचे छत बुटके असेल तर निरांजनाच्या ज्योतीने लाकूड आधी काळवंडते, मग तडकते. समई देव्हाऱ्याबाहेर, पडद्यापासून दूर ठेवावी. बैठकीला संगमरवर किंवा पितळी पत्रा असला की अभिषेकाचे सांडलेले पाणी लाकडात मुरत नाही. खाली वाती-उदबत्तीसाठी एक खण हवा. कापूर मात्र घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा; उघडा राहिला तर उडून जातो आणि ऐन आरतीला डबी रिकामी सापडते.