पुढच्या चाकांची बेअरिंगे बदलणे (जुनी जीप)

जुन्या जीपच्या पुढच्या चाकांतील झिजलेली बेअरिंगे (धारवे) उतरवून त्यांच्या जागी नवी बसविण्याचे, बहुधा घराच्या अंगणातच उरकले जाणारे काम. ही नोंद विलिस जीप आणि तिच्या आराखड्यावरून भारतात पुढे बनलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या यांच्यापुरती आहे. या गाड्यांच्या प्रत्येक पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यभागच्या तुंब्यात) टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांच्या जातीची दोन बेअरिंगे असतात. त्यांच्या निमुळत्या बाजू एकमेकींकडे असतात, त्यामुळे गाडीचे वजन आणि वळणावर येणारा आडवा रेटा ही दोन्ही ती मिळून पेलतात.

नाशिक जिल्ह्यात हे काम वारंवार निघते, याचे कारण बरेचसे भूगोलात आहे. इगतपुरीकडे वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, तर सिन्नर-येवल्याकडे तो ६०० मिमी.च्या आतबाहेर राहतो. पश्चिमेकडे त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या भागांत फरशी पुलांवरून वाहते पाणी आणि भातखाचरांचा चिखल असतो, पूर्वेकडे बारीक धूळ. दोहोंपैकी पाणी अधिक घातक. घाट उतरून ब्रेकमुळे तापलेला हब एकदम थंड पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या (ग्रीस आत अडवणाऱ्या कड्याच्या) कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, पुढे गाडी काही आठवडे उभी राहिली तर रोलरांच्या रेषेत गंज धरतो. म्हणून पावसाळ्याआधी हब उघडून पाहण्याची आणि पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा पाहण्याची रीत योग्यच म्हटली पाहिजे.

उगम : लोळणाऱ्या घटकांवर भार तोलण्याची कल्पना जुनी आहे. इटलीतील नेमी सरोवराचे पाणी १९२८ पासून उपसण्यात आले, तेव्हा सम्राट कॅलिग्युलाच्या काळातील (इ. स. पहिल्या शतकाचा पूर्वार्ध) जहाजांच्या अवशेषांत ब्राँझचे गोळे लावलेल्या फिरत्या बैठकीचे भाग मिळाले. काही लेखक यास बॉल बेअरिंगचा सर्वांत जुना पुरावा मानतात. मात्र ते गोळे दोन्ही बाजूंना खुंट्या असलेले, म्हणजे जागच्या जागी फिरणारे होते. मोकळे लोळणारे नव्हते. त्यामुळे हा मान हात राखूनच द्यावा लागतो. लिओनार्दो दा व्हिंची याच्या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या रेखाटनांत गोळे व रोलर यांच्या रचना दिसतात, पण त्यांतून प्रत्यक्ष वाहन घडल्याचे दिसत नाही. वाहनाच्या आसाबाबत पक्की तारीख मिळते ती वेल्समधील कार्मार्थेनच्या फिलिप व्हॉन यांच्या १७९४ च्या पेटंटची. त्यात घोडागाडीच्या आसाभोवती खोबणीत फिरणारे गोळे आहेत. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांचे सायकलीसाठीचे पेटंट १८६९ चे. तरीही एकसारख्या मापाचे पोलादी गोळे मुबलक मिळू लागेपर्यंत या साऱ्याचा उपयोग मर्यादितच होता. ती अडचण फ्रीड्रिख फिशर यांच्या श्वाइनफुर्ट येथील, साधारण १८८३ च्या, गोळे घासण्याच्या यंत्राने दूर केली असे सामान्यतः मानले जाते.

जीपच्या संदर्भात महत्त्वाचा प्रश्न टेपर रोलरच्या जनकत्वाचा आहे. बहुतेक संदर्भग्रंथ हेन्री टिमकेन यांचे नाव देतात. सेंट लुइस येथे त्यांचा घोडागाड्यांचा व्यवसाय होता. वळणावर आसावर येणाऱ्या आडव्या रेट्याने साधी बेअरिंगे लवकर निकामी होत. हा रेटा पेलणाऱ्या रचनेचे पेटंट त्यांनी व रेजिनल्ड हाइन्झेलमन यांनी १८९८ मध्ये मिळविले. पुढच्याच वर्षी कंपनी स्थापन झाली आणि १९०१ च्या सुमारास ती ओहायोतील कँटन येथे गेली. दुसरा पक्ष इंडियाना राज्यातील शेतकरी व यंत्रकारागीर जॉन लिंकन स्कॉट यांच्याकडे बोट दाखवतो, कारण त्यांचा गाडीच्या चाकासाठीचा टेपर रोलरचा आराखडा १८९५ चा, म्हणजे टिमकेन यांच्या आधीचा आहे. तारखांचा पुरावा स्कॉट यांच्या बाजूने जातो. परंतु आज हबमध्ये दिसते ती, विशेषतः जोडीने उलटसुलट बसवून नटाने फट (बेअरिंगमधील मोकळीक) जुळवण्याची रचना टिमकेन परंपरेतून रूढ झाली. म्हणून पहिली कल्पना स्कॉट यांची व वापरात आलेले रूप टिमकेन यांचे, अशी विभागणी अधिक पटणारी वाटते.

या रचनेचे मर्म भूमितीत आहे. वाटी (कप, म्हणजे बाहेरचे कडे), कोन (रोलर बसवलेले आतले कडे) आणि प्रत्येक रोलर यांच्या तिरप्या रेषा वाढवल्या, तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर कडेपासून कडेपर्यंत न घसरता लोळतो. घसरण फक्त एका ठिकाणी होते : भाराने रोलर जाड टोकाकडे सरकू पाहतो आणि कोनच्या कडेला घासतो. ग्रीस कमी पडले तर पहिला जळका निळसर डाग येथेच दिसतो. भार आणि आयुष्य यांचे नातेही सरळ नाही. रोलर बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य भाराच्या १०/३ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्याहून खाली येते. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत चालकाशेजारी दाटीवाटीने माणसे बसवून घाट चढण्या-उतरण्याची किंमत पुढची बेअरिंगे मोजतात, ती याच हिशेबाने.

भारतातील जीप : महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ ची, सध्याचे नाव १९४८ पासूनचे. विलिस जीपची मुंबईतील जुळणी केव्हा सुरू झाली, याबाबत १९४७ व १९४९ अशी दोन वर्षे दिली जातात. पहिले व्यवहार ठरल्याचे आणि दुसरे प्रत्यक्ष गाड्या जुळवून बाहेर पडल्याचे वर्ष मानले तर दोन्ही नोंदी जुळतात. पुढे उंच बॉनेटच्या सीजे-३बी आराखड्यावर अनेक वर्षे गाड्या निघत राहिल्या. नाशिकला सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्रचा कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभी आला. बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) तेथून बाहेर पडल्या. सातपूर व अंबड येथील लेथची छोटी वर्कशॉपे आणि कारखान्यांत मापनयंत्रे हाताळलेली माणसे यांमुळे शहरात घरगुती दुरुस्तीलाही एक प्रकारची शिस्त आली आहे. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे तबकडीचे उपकरण) उसने मागून आणून हबची फट मोजणारा गृहस्थ इथे अपवाद ठरत नाही.

विलिस घडणीच्या पुढच्या हबमध्ये आतले व बाहेरचे बेअरिंग एकाच मापाचे असते. कोनचा क्रमांक १८५९०, वाटीचा १८५२०. आतला व्यास ४१.२७५ मिमी. (१ ५/८ इंच) आणि बाहेरचा ७३.०२५ मिमी. (२ ७/८ इंच). मापे इंचांतली असल्याने जवळचे मेट्रिक बेअरिंग चालत नाही. नंतरच्या आणि टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत आतले-बाहेरचे वेगळे असते, तेव्हा जुन्या नगावर कोरलेला आकडा वाचूनच खरेदी करावी. वाटी व कोन नेहमी जोडीने बदलतात. वाटी चांगली दिसते म्हणून जुनी ठेवून फक्त कोन बदलणे हे चुकीचे आहे, कारण जुन्या वाटीवरील न दिसणारी झीज नव्या रोलरांवर उमटते.

निदान : चाक उचलून वर-खाली धरून हलवले असता खळखळ जाणवणे आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर ही नेहमीची लक्षणे. मात्र तशीच खळखळ किंगपिनच्या (स्टिअरिंगने चाक ज्या खिळीवर वळते तिच्या) बेअरिंगांतूनही येते. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरला असता हलणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि तसेच राहिले तर तो किंगपिनमध्ये, ही कसोटी बहुतेक वेळा निर्णायक ठरते. ही परीक्षा गिअर टू-व्हीलमध्ये ठेवून करावी. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो. फोर-व्हील लागलेले असेल तर पुढचे चाकही अडून बसते.

कृती : गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेणे आणि मागच्या चाकांना उटी लावणे गृहीत धरले आहे. काळ्या मातीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी लागतेच. ब्रेकचे शू मागे घेऊन टोपी, आसाच्या टोकाची सर्क्लिप (काही गाड्यांत खाचेचा नट) आणि ड्राइव्ह फ्लँज काढली की आत दोन मोठे नट दिसतात. त्यांच्यामध्ये कडा दुमडलेला लॉक वॉशर असतो. या नटांना २ १/१६ इंचाचा ट्यूब पाना लागतो. छन्नी-हातोड्याने नट फिरवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने नटाचे पैलू जातात, पोलादाचे कण आत पडतात आणि पुढे फट नेमकी जुळवता येत नाही. एक पाना घेणे याहून कितीतरी स्वस्त. ड्रममधील धूळ फुंकरीने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टस असू शकते, ओल्या फडक्यानेच पुसावी.

हब बाहेर आल्यावर वाट्या मागच्या बाजूने पितळी सुंब्याने ठोकून काढतात. हबच्या आत वाटीची कड उघडी दिसते तिथे सुंबा टेकवायचा, एक ठोका या बाजूला आणि पुढचा समोरच्या बाजूला. वाटी तिरपी झाली तर हबचा भोक-पृष्ठ ओरखडतो आणि पुढे नवी वाटी सैल बसते. नवी बसवताना जुनी वाटी कडेने थोडी घासून तिचाच ठोकणी म्हणून उपयोग करतात. वाटी उतरत असताना ठोक्याचा आवाज खणखणीत पण पोकळ येतो, तळाला टेकताच तो एकदम भरीव, जड होतो. तरीही कानावर न विसंबता सर्व बाजूंनी पातळ फिलर (फट तपासण्याची पट्टी) घालून पाहावे. तळाशी पट्टी शिरली तर वाटी बसलेली नाही.

उतरवलेल्या बेअरिंगचे वाचन ही या कामातली सर्वांत मोलाची पायरी. घाईत जुना माल भंगारात टाकणारा दोषाचे कारणही त्याबरोबर टाकून देतो. वाटीवर रोलरांइतक्या अंतरावर उमटलेले आडवे खळगे खड्ड्याचा आघात सांगतात. पत्रा सोलल्यासारखे सुटलेले पापुद्रे पोलादाचा थकवा. राखाडी, मंद झालेला पृष्ठ धूळ. तपकिरी-निळी छटा ग्रीसचा अभाव किंवा अतिघट्ट नट. आणि काळसर नक्षीदार चट्टे पाणी. एकाच बाजूला दाट झीज असेल तर हब अगर स्टब एक्सल (हब ज्यावर फिरतो तो आखूड आस) वाकल्याची शंका घ्यावी.

ग्रीस : लिथियम अथवा लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे, एनएलजीआय क्र. २ घट्टपणाचे ग्रीस सर्वमान्य आहे. जुन्या कॅल्शियम ग्रीसवर पाण्याचा परिणाम कमी होतो, पण त्याला उष्णता सोसत नाही. लिथियमचा थेंबबिंदू (ग्रीस पातळ होऊन थेंब गळू लागण्याचे तापमान) सुमारे १८०° से. आणि कॉम्प्लेक्सचा साधारण २५०° से.च्या वर असतो. वेगवेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र झाले तर ते पातळ होऊन वाहू शकते, म्हणून जुने रॉकेलने पूर्ण धुऊन भाग कोरडे करूनच नवे भरावे. भरण्यासाठी तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन कोनची रुंद कड त्यात दाबत राहायचे. अरुंद बाजूला रोलरांच्या मधून ग्रीसचे किडे बाहेर निघू लागले, की तेवढा भाग भरला. मग कोन थोडा फिरवून पुढचा भाग. हबच्या पोकळीत किती भरावे यावर मतभेद आहेत. काठोकाठ भरले तर पाण्याला जागा उरत नाही, असे एका बाजूचे म्हणणे. पण घुसळून तापलेले जादा ग्रीस सील ओलांडून ब्रेकच्या लायनिंगवर येते. सुमारे एक-तृतीयांश ते निम्मी पोकळी भरण्याचा सल्ला अधिक सुरक्षित आहे. सील दरवेळी नवेच घालावे.

फट जुळवणे : वादाचा खरा विषय हाच. विलिसच्या जुन्या पुस्तिकांची पद्धत अशी : चाक फिरवत आतला नट चाक अडखळेपर्यंत आवळायचा, मग सुमारे एक-षष्ठांश फेरा, म्हणजे नटाचा एक पैलू, मागे घ्यायचा. आधुनिक अभियांत्रिकीचे निष्कर्ष वेगळे दिसतात. किंचित पूर्वदाब (फट संपवून बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) असताना रोलर बेअरिंगचे आयुष्य सर्वाधिक येते, कारण भार अधिक रोलरांवर वाटला जातो. तत्त्वतः हे खरे आहे. परंतु त्या शिखराच्या पलीकडे आयुष्याचा आलेख तीव्र कोसळतो, तर सैल बाजूला तो सावकाश उतरतो. आणि ब्रेकच्या उष्णतेने फट बदलते ती वेगळीच. घरगुती साधनांनी पूर्वदाब मोजणे कठीण असल्याने ०.०२५ ते ०.१२५ मिमी. (इंचाच्या हजारांश १ ते ५) इतकी फट ठेवण्याचा जुना मार्गच येथे श्रेयस्कर. हबवर डायल गेज लावून चाक आत-बाहेर ओढले की हे माप मिळते. मापन नेहमी बाहेरचा लॉक नट आवळून झाल्यावर करावे, कारण तो आवळताच आट्यांतला ढिलेपणा जाऊन फट थोडी घटते. शेवटी लॉक वॉशरची कड नटाच्या पैलूवर दुमडतात. वापरलेली कड पुन्हा दुमडली तर तुटण्याचा संभव असतो.

पहिल्या दहा-वीस किलोमीटरनंतर हबला हात लावून पाहतात. कोमट असणे स्वाभाविक, पण हात टेकवत नसेल आणि ब्रेक घासत नसेल तर नट घट्ट आहे. ५० ते १०० किमी.नंतर फट पुन्हा एकदा तपासतात, कारण नव्या वाट्या या काळात पक्क्या बसतात. अलीकडच्या अनेक गाड्यांत सीलबंद हब युनिट असते. त्यात ग्रीस भरणे किंवा फट जुळवणे उरत नाही. दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) बोल्ट आवळून संपूर्ण युनिट बदलतात.