चिमणीचा पाईप ‘कुठलाही’ चालत नाही

‘स्वयंपाकघरातली चिमणी सक्शन १२०० ची घ्या, मग पाईप कुठलाही चालतो.’ घोडबंदर रोडच्या टॉवरपासून वाशीतल्या सिडकोच्या इमारतींपर्यंत हा सल्ला हमखास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. खोक्यावरचा हा आकडा, म्हणजे चिमणी तासाला किती घनमीटर हवा ओढते तो, तुमच्या घरचा पाईप जोडून मोजलेला नसतो.

बहुतेक चिमण्यांचं तोंड ६ इंची असतं. खिडकीच्या काचेला आधीच ४ इंची भोक आहे म्हणून फिटर तिथे तेवढाच पाईप बसवतो. व्यास दोनच इंच घटला, पण हवेची वाट निम्म्याहून कमी झाली! मोटर घरघरते आणि बोंबील तळल्याचा वास हॉलभर.

अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा पाईप वाईट नाही, पण तो पूर्ण ताणून बसवावा. सैल सोडला की चुण्यांमध्ये तेल साचतं, हवा अडते. लांब अंतराला आतून गुळगुळीत, पत्र्याचा सरळ पाईप उत्तम. साधा पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, तो टाळाच. वळणं जितकी कमी तितकं बरं.

आणि पाईप इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमच्या खिडक्या उघडतात त्या उभ्या पोकळीत, सोडू नका, वरच्या काकूंच्या बाथरूममध्ये तुमची फोडणी पोचते. बाहेरच्या टोकाला झडपेचं झाकण लावा, पावसाची झड आत येत नाही.