नाशिक ढोलाची सॅम्पल (दूरचित्रवाणी संगीत)

नाशिक ढोलाची सॅम्पल म्हणजे ढोल-ताशाचे आधीच मुद्रित करून ठेवलेले सुटे ठोके किंवा तालाचे तुकडे. मालिकेचे शीर्षकसंगीत, प्रोमो, रिअ‍ॅलिटी शोमधला प्रवेश, निवडणूक किंवा क्रीडा कार्यक्रमाची धून अशा बिनशब्दांच्या संगीतात ती संगणकावर वाजवली जातात. वीस-पंचवीस जणांचे पथक स्टुडिओत मावत नाही आणि दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकातही बसत नाही. खऱ्या वाद्यांचे ध्वनी साठवून वाजवणारे पहिले ड्रम मशीन, रॉजर लिन यांचे एलएम-1, 1980 मध्ये आले. आजची सॅम्पल त्याच तत्त्वावर चालतात.

त्यांचे दोन प्रकार. सुटे ठोके एकेक करून की-बोर्डवरून वाजवता येतात. लूप म्हणजे दोन, चार किंवा आठ आवर्तनांचा तयार तुकडा. घाईच्या कामात लूप उपयोगी, पण दृश्याला वळण द्यायचे असेल तर सुटे ठोकेच हवेत. चांगल्या संचात टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका, तळहाताची थाप, दोन्ही एकत्र, कडेवरचा ठोका, ताशाच्या काड्यांचा सुटा आणि सलग कडकडाट, झांज असे सगळे वेगवेगळे मिळते. प्रत्येक ठोका हळू ते जोरदार अशा किमान चार पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीचे तीन-चार पर्याय. पर्याय नसले की तोच ठोका जसाच्या तसा येत राहतो आणि ताशाचे शिलाई मशीन होते.

संचाच्या नावावर विसंबू नये. ‘नाशिक ढोल’ या नावाखाली पंजाबी ढोलाचे लूपही सर्रास मिळतात. पंजाबी ढोल दोन काठ्यांनी वाजतो, जाड वाकडी एका तोंडावर आणि पातळ दुसऱ्यावर. त्याची चालही झुलती. आपल्या पथकांत सहसा एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला तळहात असतो, आणि ताशा वरून ताल कापत जातो. गोदाघाटावरच्या विसर्जन मिरवणुकीच्या दृश्याखाली भांगड्याचा लूप लावला, तर नाशिककर प्रेक्षकाला तो पहिल्या आवर्तनातच कळतो. तसेच गोंधळाचे किंवा वणीच्या सप्तशृंगीच्या जत्रेचे दृश्य असेल तर तिथे संबळ हवा. ढोलाचा लूप लावून भागवणे ही आळशी सोय आहे.

लय बसवणे. भारतात दूरचित्रवाणी सेकंदाला 25 फ्रेमवर चालते. मिनिटाला 125 ठोक्यांची लय घेतली तर एक ठोका बरोबर 12 फ्रेमचा होतो, 100 घेतली तर 15 फ्रेमचा. 120 ला साडेबारा येतात, त्यामुळे एकाआड एक कट अर्धी फ्रेम सरकतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण संकलकाला मोजणी सोपी गेलेली बरी. 30 सेकंदांच्या प्रोमोला 128 ची लय सोयीची, कारण चार ठोक्यांची 16 आवर्तने नेमकी 30 सेकंदांत बसतात. मात्र शेवटचा ठोका 30 व्या सेकंदाला ठेवू नये. सोळाव्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे 28.1 सेकंदांना, थांबावे. उरलेल्या जवळजवळ दोन सेकंदांत ढोलाची घुमक विरते. नाहीतर ती मध्येच कापली जाते आणि पुढच्या जाहिरातीला धडकते.

मिरवणुकीत मुद्रित केलेले लूप क्लिकवर (कानात ठराविक लयीत वाजणाऱ्या टिकटिकीवर) वाजवलेले नसतात; पथक रंगात आले की लय चढते. फाइलच्या नावात 120 लिहिलेले असते आणि प्रत्यक्ष लय 118.6 निघते. साठ ठोक्यांवर हा फरक सुमारे 0.35 सेकंद, म्हणजे जवळजवळ 9 फ्रेम होतो. म्हणून आधी लय स्वतः मोजावी, मग लूपचे ठोक्यागणिक तुकडे करून ते सरकवावेत. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला 2 ते 5 मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) दिला की टकटक येत नाही. संपूर्ण लूप ताणला की ठोक्याची धार जाते. चार-पाच टक्क्यांपलीकडे ते कानाला लागतेच. तुकडेही शंभर टक्के ग्रिडवर, म्हणजे संगणकाने आखलेल्या नेमक्या मात्रांवर, ओढू नयेत. ताशाचे किंचित मागेपुढे पडणे हेच त्या तालाचे अंग आहे. पन्नास-साठ टक्क्यांवर थांबलेले चांगले.

एक चूक वारंवार होते. सॅम्पल 44.1 किलोहर्ट्झ नमुना-दराचे (सेकंदाला 44,100 नोंदी), प्रकल्प 48 चा, आणि रूपांतर न करता फाइल आत ओढली. मग ती सुमारे 8.8 टक्के जास्त वेगाने आणि जवळजवळ दीड सेमीटोन (अर्धस्वर) उंच वाजते. ढोल डफासारखा ऐकू येऊ लागला की आधी हेच तपासावे.

संवादाखाली. ताशाचा कडकडाट साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये ऐकू येतो आणि व्यंजनेही तिथेच ऐकू येतात. त्यामुळे ताशा चालू असताना पात्र काय बोलले ते कळत नाही, आणि मिक्सिंग करणारा सरळ सगळे संगीतच खाली करतो. संवाद येताच ताशा काढून फक्त ढोल ठेवणे हाच खरा उपाय आहे. ढोलाची अडचण उलटी आहे. त्याची घुमक 60 ते 100 हर्ट्झमध्ये असते आणि टीव्हीच्या चपट्या स्पीकरमधून ती जवळजवळ येतच नाही. नुसता बास वाढवून काही होत नाही, उलट आवाज फाटतो. हलके सॅच्युरेशन (आवाजात वरचे स्वरांश मिसळणारी किंचित विकृती) देऊन 150 ते 300 हर्ट्झमधले अंश वर आणावे लागतात. दोन ढोल एकावर एक चढवल्यावर आवाज पोकळ झाला, तर एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहावी किंवा त्याची सुरुवात अगदी किंचित, मिलिसेकंदाच्या अंशाने, सरकवावी.

फाइल देताना ढोल, ताशा आणि सुरांची वाद्ये वेगळ्या स्टेममध्ये (एकेका गटाच्या स्वतंत्र फाइलमध्ये), सर्व एकाच बिंदूपासून सुरू आणि सारख्याच लांबीच्या, 48 किलोहर्ट्झ व 24 बिटमध्ये द्याव्यात.

हक्क. ताल परंपरेचा असतो, पण ध्वनिमुद्रण कुणाचे तरी असते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर 60 वर्षे संरक्षण आहे. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे मालकी मिळाली असे नव्हे. एकदा पैसे भरून वापराची परवानगी मिळते, एवढेच. बहुतेक परवान्यांत लूप सुटा, इतर वाद्यांविना, पुन्हा विकायला मनाई असते. नुसत्या ढोलाची धून म्युझिक लायब्ररीला (तयार संगीत पुरवणाऱ्या संस्थेला) देणारे इथेच अडकतात. शिवाय तोच लूप शेकडो जणांकडे असल्याने यूट्यूबची स्वयंचलित ओळख-यंत्रणा आपल्याच धुनीवर दुसऱ्याचा दावा लावू शकते. लूपचे तुकडे करून वर स्वतःचे थर चढवले की ही शक्यता घटते, पण परवान्याची पावती आणि मूळ फाइलचे नाव प्रकल्पासोबत जपून ठेवावेच लागते.

नाशिकच्या एखाद्या पथकाला बोलावून स्वतः सॅम्पल मुद्रित करायची, तर कायद्यातले वादकांचे हक्क लक्षात घेऊन प्रत्येक वादकाची लेखी संमती घ्यावी. केवळ पथकप्रमुखाची सही धरून चालू नये. ढोल मुद्रणाआधी ताणून घ्यावेत आणि तासाभराने पुन्हा तपासावेत, कारण पावसाळी हवेत चामड्याचे पान सैल पडते. सकाळचे आणि दुपारचे ठोके मग एकाच वाद्याचे वाटत नाहीत.